कुणाची काही हरकत?

थार्गेलिओन महिना, अखेरचे दिवस. एर्किया.

लिसिप्पेचा पॉलिझेलोसकाकांना नमस्कार. खुशाल असा. नसाल तर व्हा, कारण काम आहे.

बाबा गेले. आधी सांगायला हवं म्हणून आधी सांगितलं. जवाची कापणी संपली त्या दिवशी अंजिराच्या सावलीत टेकले ते उठलेच नाहीत. रडायला गावातल्या बायका आल्या, नवव्या दिवसाचं अन्न थडग्यावर ठेवून झालं. भावाने करायचं ते सगळं माझ्या नवऱ्याने केलं, जावई असून. प्रत्येक जण मला विचारत होता, "मान्तियासचा सख्खा भाऊ आहे ना इटलीत?" मी म्हणत होते, आहे. नुसतं 'आहे' म्हणून गप्प बसणं किती जड जातं, ते तुम्हाला नाही कळायचं.

तुम्ही इटलीतल्या थुरीला निघून गेलात तेव्हा मी परकरी पोर होते. तुमचा आवाज तेवढा नीट आठवतो. दादा समुद्रावरच्या लढाईत गेला तेव्हा बाबांनी तुम्हाला कळवलं होतं. उत्तर आलं नाही. असो. आत्ता ते उकरत नाही, पुढे उकरीन.

आता मुद्दा. दादा नाही, म्हणजे बाबांना मुलगा नाही. म्हणजे मी झाले इस्टेटीसोबतची मुलगी. आपला अथेन्सचा कायदा तुम्हाला मी काय सांगणार? जमीन, ऑलिव्हची झाडं, बैलजोडी आणि मी, असं सगळं एका गाठोड्यात बांधून बापाच्या रक्ताच्या सर्वांत जवळच्या पुरुषाच्या पदरात टाकायचं. माझं लग्न झालंय म्हणून काही बिघडत नाही. नवऱ्याला सांगायचं, बाबा रे, सोड हिला, इस्टेट दुसरीकडे चालली. मला एक मुलगा असता तर कुणाची हात लावायची हिंमत नव्हती. मुलगी झाली होती, ती तान्हेपणीच गेली. आणि असती तरी मुलगी कोण मोजतंय?

जवळचे म्हणजे पहिले तुम्ही. तुमच्यामागे आत्याचा मुलगा, स्ट्रातियास. तुम्ही येत नाही असं सगळे धरून चाललेत, तोही. नवव्याला आला होता. अन्न ठेवून होतंय न होतंय तोच काठीने ऑलिव्हचं एकेक झाड ठोकून बघत हिंडला. मग मला बघितलं, अगदी तस्संच. त्याला बायको आहे. ती बिचारी माझ्याकडे येऊन रडली. मी म्हटलं, "अगं बाई, तुझा नवरा तू जपून ठेव. मला कुणी फुकट दिला तरी नको."

मला माझा युथियास हवा आहे. हे लिहायला मला लाज वाटत नाही. मधमाश्या पाळतो, कपड्यांना सदा धुराचा वास, गातो ते बेसूर. पण मुलगी गेली तेव्हा हा माणूस माझ्याबरोबर जमिनीवर बसून राहिला होता. बाबांना तो आवडायचा. त्याला दत्तक घ्यायचं त्यांच्या मनात होतं. घेतलं असतं तर आज काही प्रश्नच नव्हता. पण दत्तक घ्यायचं तर आपातुरियाच्या सणाला सगळ्या भाऊबंदांसमोर उभं राहायला हवं, आणि तुमच्या त्या प्रतापानंतर बाबांनी त्या सणाला पाऊल टाकलं नाही. "तिथे मटण वाटताना लोक तो विषय काढतात" म्हणायचे. दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू.

तेव्हा काका, या. आर्कनच्या न्यायासनासमोर उभे राहा आणि हक्क सांगा. तुम्ही उभे राहिलात की स्ट्रातियास मागे सरलाच. मधाचा बुधला सोबत पाठवते आहे. लाच समजलात तरी चालेल.

हेकाटोम्बाइओन, पहिला पंधरवडा. एर्किया.

काका, तुमचं पत्र मिळालं. मी ते युथियासला मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं आणि मधेच थांबले, कारण तो इतका हसायला लागला की पोळं हातातून पडलं. मला हसू आलं नाही.

मी तुम्हाला 'हक्क सांगा' म्हटलं होतं. 'लग्न करा' म्हटलं नव्हतं! तुम्ही लिहिता, "कायद्याने अंगावर आलेली जबाबदारी मी कधी टाळली नाही, वय झालं असलं तरी मी तुला पदरात घेईन." अहो, काय हे! माझ्या जन्माच्या वेळी, मुलगी झाली म्हणून, दारावर लोकरीचा गुंडा टांगायला तुम्ही शिडीवर चढला होतात म्हणे. मी तुमच्या खांद्यावर बसून द्राक्षं तोडली आहेत. नवरा मला आहे, काका. तोच राहावा यासाठी तर हा सगळा खटाटोप.

मग तुमच्या अटी. मी परत परत वाचल्या, कुठेतरी दया येईल या आशेने.

गुडघा दुखतो म्हणता. चालत या असं कुणी म्हटलंय? जहाजात बसायचं आहे. सणातला तुमचा मटणाचा वाटा परत चालू व्हायला हवा म्हणता. काका, तुम्ही समुद्रापलीकडे राहता, तो वाटा काय पोहत येणार होता? आणि सगळ्यांत कहर म्हणजे मी लिहून द्यायचं की त्या दिवशी तुम्ही बरोबर होतात, "तुझा बाप" चूक होता.

'तुझा बाप'. सबंध पत्रात 'तुझा बाप', नाहीतर 'तो माणूस'. मान्तियास हे नाव एकदाही नाही. माणूस मेलाय, काका! आता तरी?

आणि काय ते बरोबर होतात? मला सगळं ठाऊक आहे, आपल्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शहराचा कारभार बघणाऱ्या पाचशेंच्या मंडळासाठी सोडतीत बाबांच्या नावाचा पांढरा दाणा निघाला. केवढे हरखले होते! नवीन वहाणा घेतल्या होत्या. त्यांचा राखीव म्हणून दाणा निघाला तो नेमका तुमचा. मग चौकशीच्या दिवशी ठरलेले प्रश्न: आईबापांना नीट सांभाळलंस का, लढाईवर गेलास का, घराण्याची थडगी कुठे आहेत. आणि शेवटी तो प्रश्न, "याच्यावर कुणाची काही हरकत?" तो प्रश्न विचारायचा म्हणून विचारतात. कुणी उठत नसतं. तुम्ही उठलात. भर सभेत म्हणालात, "आमच्या वडिलांच्या थडग्यावर याने अजून दगड बसवलेला नाही."

बाबा बाद झाले. मग राखीव म्हणून तुम्ही पुढे आलात, तर बाबा उठले आणि म्हणाले, "याने तरी कुठे बसवलाय?" तुम्हीही बाद. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, मंडळात जाऊन बसला पलीकडच्या आळीतला तो तोतरा. दगड कुणी बसवायचा यावर तुम्ही दोघं भावंडं वर्षभर अडून बसला होतात, हे तेव्हा साऱ्या शहराला कळलं. आजोबा बिचारे तसेच मातीखाली.

यात बरोबर कोण होतं ते मी लिहून देऊ? बरं, घ्या लिहून. दोघंही गाढव होतात. आता जहाजात बसा.

मेटागेइटनिओन, महिन्याचा मध्य. एर्किया.

काका, दोन गोष्टी आहेत. वाचून रागावू नका, किंवा रागवा, पण रागावत रागावत निघा.

पहिली. मला दिवस गेले आहेत. सुईण म्हणते थंडीच्या शेवटी होईल, अंजिराला नवी पालवी फुटायच्या आधी. ती हेही म्हणते की पोटाच्या आकारावरून मुलगा आहे. मागच्या वेळीही हेच म्हणाली होती.

मुलगा झाला तर सगळं सुटलं. इस्टेट त्याची, तो बाबांच्या घराचा वारस, आणि मी जिथे आहे तिथे. पण तोवर स्ट्रातियासचा दावा निकाली लागायला नको. त्याने अर्ज टाकलाय. पुढच्या मोठ्या सभेत दवंडीवाला पुकारा करील की या इस्टेटीवर आणखी कुणाला हक्क सांगायचा आहे का. कुणीच उठलं नाही तर आर्कन तिथल्या तिथे मला त्याच्या हाती देईल, पोटुशीला.

कुणी उठलं तर मात्र प्रकरण न्यायसभेत जातं. साक्षी, पुरावे, तारखा. हिवाळा सहज जातो. कळतंय का मला काय हवंय? मला तुमच्याकडून लग्न नको, इस्टेट नको, माया केलीत तर आनंद, पण तीही अट नाही. मला एवढंच हवं की तुम्ही उठून उभं राहावं आणि भांडावं. लांबवावं. फाटे फोडावेत. आयुष्यभर तुम्ही दुसरं केलंय काय? जे काम साऱ्या अथेन्समध्ये तुमच्याइतकं चांगलं कुणालाच जमत नाही, ते मी मागते आहे.

दुसरी गोष्ट सांगणार नव्हते. बाबांनी कुणाला सांगू नको म्हटलं होतं. पण तुमची दोन्ही पत्रं वाचून माझा संयम संपला.

दगड बसलाय, काका. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्याच वर्षी बाबांनी बसवला. रस्त्याच्या वळणावर, आजोबांच्या डोक्याशी. चांगला उंच आहे. आजोबा खुर्चीत बसलेत आणि समोर दोन मुलगे उभे. एक बाबा. एक तुम्ही. तुमचा हात आजोबांच्या हातात दिलाय, स्वतः बाबा मागे उभे आहेत. नाक चुकलंय तुमचं. त्या नाकावरून बाबा पाथरवटाशी इतके भांडले, की तो म्हणाला, "तुझ्या भावाला आणून उभा कर समोर, मग नाक नीट करतो." बाबा घरी येऊन जेवले नाहीत.

इतकी वर्षं हे तुम्हाला का कळवलं नाही, असं विचाराल. कळवायचं कुणी? ते म्हणत, दादाचं मी कळवलं, आता आधी त्याने पत्र टाकावं. तुम्ही म्हणत असाल, आधी त्याने टाकावं. दोघंही एकाच दगडातून कोरलेले, नाक तेवढं चुकलेलं.

आणखी काही लिहीत नाही. पाऊस लागला की जहाजं बंद होतील. मला भीती वाटते आहे, काका. खरंच वाटते आहे.

पिआनोप्सिओन, सुरुवातीचे दिवस. एर्किया.

पॉलिझेलोसकाकांना, पिरेयस बंदर, खानावळीचा माळा.

आलात त्याबद्दल देवाचे आभार, आणि थोडे तुमचेही. पण मला एक सांगा. समुद्र ओलांडलात, वादळात दोनदा ओकलात असं कळलं, आणि आता बंदरावर बसून म्हणता, "त्या घराचा उंबरा मी ओलांडणार नाही, मी शब्द दिलाय." कुणाला दिलाय शब्द? ज्याला दिला तो गेला! बंदरापासून एर्किया म्हणजे काही थुरी नव्हे. इतकं जवळ असून मला तुम्हाला पत्रं लिहायला लागताहेत. बंदराकडे गाढव घेऊन जाणारा माणूस तर मला हसतो.

सभेत काय झालं ते युथियासने येऊन सांगितलं. मी सकाळपासून घास गिळला नव्हता. तुम्ही वेळेवर पोचला नाहीत. मासळीबाजारात ईल मासा ताजा की शिळा यावर तुम्ही हुज्जत घालत होतात, आणि उशिरा येणाऱ्यांना हाकलत आणणाऱ्या त्या तांबड्या दोराचा रंग तुमच्या अंगरख्यावर आडवा उमटला होता. आज! आजच्या दिवशी ईल मासा! युथियास म्हणतो, दवंडीवाल्याने पुकारा केला तेव्हा तुम्ही कुठेच दिसत नव्हता. पुकारा संपला. कुणी उठलं नाही. स्ट्रातियास शेजाऱ्याकडे बघून हसला. आणि मागून तो आवाज आला, "थांबा! मला बोलायचंय!"

सगळ्यांनी वळून पाहिलं म्हणे. तांबडा पट्टा घातलेला एक लंगडणारा म्हातारा माणसांना कोपरं मारत पुढे येतोय. आपल्या गावातल्या कुणीतरी ओळखलं आणि मोठ्याने म्हणाला, "अरे देवा, हा परत उठला!" सारी सभा हसली. हसू द्या. तुम्ही हक्क सांगितलात, प्रकरण न्यायसभेकडे गेलं. माझ्या घशाखाली घास उतरला. त्यासाठी काका, तुमचे पाय धरते, तो दुखरा गुडघासुद्धा.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. पुकाऱ्यात माझं नाव नव्हतं. असणार नाहीच, घरंदाज बाईचं नाव चारचौघांत घेत नाहीत. 'मान्तियासची मुलगी आणि मान्तियासची जमीन, कुणाला हक्क सांगायचा आहे का?' हजारो पुरुष बसलेले. त्या सगळ्यांना विचारलं, काका. चांभाराला विचारलं, खलाशाला विचारलं, झोपेत घोरत असलेल्यालाही विचारलं. ज्या शहरात प्रत्येक गोष्ट विचारून करतात म्हणून आपण छाती फुगवून सांगतो, तिथे मला एकीलाच कुणी विचारलं नाही. हे मी युथियासला म्हटलं तर तो माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "मी विचारतो. तुला काय हवंय?" मी म्हटलं, तुला सांगून काय उपयोग, तू तर माझाच आहेस.

अंगरखा पाठवून द्या, तो रंग राखेच्या पाण्याने निघतो. आणि तुमच्या बोलण्यात तरी नाव आलं का त्यांचं? युथियास म्हणतो, नाही. "माझ्या भावाची मुलगी" म्हणालात. 'बाप'वरून 'भाऊ'. चला, तेवढं तर तेवढं.

पोसेइदेओन, ऐन थंडी. एर्किया.

काका, काय करून बसलात!

स्ट्रातियासने दावा मागे घेतला म्हणे! प्राथमिक सुनावणीत तुम्ही त्याला इतकं सोललंत, त्याच्या आईचं, आजीचं, त्याच्या बोकडाचंसुद्धा काढलंत, की तो घाबरून म्हणाला, नको मला ती इस्टेट. साऱ्या पिरेयसमध्ये तुम्ही जिंकल्याच्या आनंदात तिळाच्या वड्या वाटत हिंडलात. युथियासलाही एक दिलीत.

अहो, तुम्ही जिंकताय! कळतंय का? जिंकायचं नव्हतं! समोर कुणी उरलं नाही म्हणजे आर्कन दोन ओळी लिहील आणि मी तुमची बायको होईन. बाळ अजून यायचंय. तुम्ही आता दावा सोडलात तर स्ट्रातियास एका पायावर परत हजर. सोडला नाहीत तर नवरीचा वेश घालून, हे एवढं पोट घेऊन, मी तुमच्या खानावळीच्या माळ्यावर. करायला गेले एक आणि झालं भलतंच, तशी गत केलीत. मी तुम्हाला भांडायला बोलावलं होतं, काका. भांडण संपवायला नव्हे. ते तुम्हाला कधीपासून यायला लागलं?

युथियास तीन दिवस हसलेला नाही. पोळ्यांपाशी जाऊन नुसता बसतो. मी त्याला म्हटलं, काका काहीतरी करतील. तो म्हणाला, "त्याचीच तर भीती वाटते."

मी विचार करून करून थकले. एकच वाट दिसते. तुम्हाला शत्रू हवा. तो स्ट्रातियास परत मैदानात यायला हवा. सकाळी तो पाणवठ्याजवळच्या न्हाव्याकडे बसतो, तिथे सगळी टवाळ मंडळी जमतात. तुम्ही तिथे जा. आणि जे तोंड आपल्या घराचं वाटोळं करायला वापरलंत, ते एकदा आपल्या घरासाठी वापरा.

*(ताजा कलम, दुसऱ्या दिवशी, कारण गाढववाला पावसामुळे निघालाच नाही.)* युथियास बाजारातून आत्ताच आला. म्हणजे माझं पत्र पोचायच्या आधीच तुम्ही न्हाव्याकडे गेलात? आणि अर्धी दाढी झालेल्या स्ट्रातियाससमोर म्हणालात, "लंगड्या म्हाताऱ्याला भिऊन पळाला तो हा! याच्या बायकोला विचारा, घरी कपाटामागे लपतो!" आणि तो अर्ध्या दाढीने उठला, थेट आर्कनच्या कचेरीत गेला, आणि दावा पुन्हा टाकून आला?

काका, मी रडले. आनंदाने की वैतागाने, ते नका विचारू. तारीख पुढच्या महिन्यापलीकडे गेलीय. म्हणजे इतकं सगळं तुम्हाला आपोआप कळत होतं? मग तो दावा संपवलात तरी कशाला? "तोंड सुटलं की मला आवरत नाही," असं युथियासला म्हणालात म्हणे. हे ज्या दिवशी सभेत उठलात, त्या दिवशी बाबांना सांगितलं असतंत तर!

अंथेस्तेरिओन, नव्या दारूचा सण झाल्यावर. एर्किया.

काका, मुलगा.

अजून पडून आहे म्हणून थोडंच लिहिते. पहाटेला झाला, उजाडल्यावर युथियासने स्वतः दारावर ऑलिव्हची माळ टांगली. तारीख यायच्या आत, काका! स्ट्रातियासला कळलं तेव्हा तो न्हाव्याकडेच होता. आर्कनने दोन्ही दावे एकत्र बासनात बांधले. कायदा कायदा आहे, मुलगा झालेल्या बाईला कुणी हलवू शकत नाही. मी माझ्या घरात आहे. युथियास बाळाला बेसूर गाणं म्हणून दाखवतोय आणि ते रडतंय.

सुईण सांगते, सकाळी फाटकाशी एक म्हातारा उभा होता. माळेकडे बघत होता आणि दोन्ही हातांनी डोळे पुसत होता. तिने "आत या ना आजोबा" म्हटलं, तर तिच्यावरच ओरडला, "माळ वाकडी लावलीय! अशी लावतात का?" मग गेला.

माळ वाकडी नव्हती, काका. आणि आत यायचं होतं. पाण्याचा तांब्या दाराशी तुमच्यासाठीच ठेवला होता.

पुन्हा पिआनोप्सिओन, आपातुरियाच्या आदल्या दिवशी. एर्किया.

काका, हे नीट वाचा. मधेच थांबून खानावळवाल्याशी वाद घालू नका.

उद्या सणाला भाऊबंद जमतील. बाळाला बाबांच्या घराचा वारस म्हणून त्यांच्यापुढे न्यायचं आहे. युथियास दुसऱ्या भाऊबंदांतला, त्याचा तिथे शब्द चालत नाही. आपल्या घरातला तिथे उभा राहू शकेल असा पुरुष एकच उरलाय. तुम्ही. बळीचा मेंढा युथियास आणून देईल. बाळाला तुम्ही घ्यायचं, डोक्याला हात लावून धरायचं, नाहीतर मान कलते. ते आता तुमच्या दाढीला हात घालतं, ओढू द्या.

मग वेदीपाशी हात ठेवून शपथ. शपथ एका वाक्याची आहे. एकाच. 'हा मान्तियासच्या मुलीचा, रीतसर लग्नातून झालेला मुलगा, आणि मान्तियासच्या घराचा वारस.' त्यात दगडाचं काही नाही. पांढऱ्या दाण्याचं काही नाही. मटणाच्या वाट्याचं तर मुळीच काही नाही. ते वाक्य झालं की मंडळींचा प्रमुख विचारील, कुणाची काही हरकत? त्या वेळी कृपा करून कुणाशी भांडू नका. कुणी हरकत घेतली तरी आधी मोजून तीन श्वास घ्या.

बाळाचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. दहाव्या दिवशी ठेवलं तेव्हा तुम्ही फाटकाबाहेर उभे होतात, ऐकलं असणार. इतके महिने त्याला 'ए पोरा' म्हणता. मला राग येत नाही. मला कळतं, ते नाव घशातून वर येताना तुम्हाला काय होतं ते. दगडापाशी तुम्ही रोज संध्याकाळी जाऊन उभे राहता, हेही मला कळतं. गाढववाला सगळं सांगतो.

पण उद्या ते घ्यावंच लागेल. वाक्यात दोनदा आहे. ज्या मंडळींसमोर तोंड दाखवायची लाज वाटून माझे बाबा मरेपर्यंत गेले नाहीत, त्यांच्यासमोर घ्यावं लागेल, बाबांच्या नातवाला कडेवर घेऊन.

मी तिथे नसेन, बायकांना तिथे जागा नाही. मी इथे चुलीपाशी बसून असेन, आणि युथियास आवाराच्या कुंपणाबाहेर कान लावून उभा असेल, मला येऊन सांगायला. सण झाला की मटणाचा तुमचा वाटा घेऊन सरळ घरी या. उंबऱ्यापाशी अडखळलात तर हात द्यायला मी आहे.

तेव्हा काका, नाव पुटपुटू नका. मोठ्याने घ्या. तुमचा आवाज कधी लहान नव्हताच.

लिसिप्पे